मागील सभेचे इतिवृत्त

तेरेखोल नदी ही गोवा आणि सिंधुदुर्ग जिल्हा यांच्यामधील सीमा होय, असे आम्ही वर्गात मुलांना शिकवितो. परंतु मुखापाशी ही सीमा नदी ओलांडून पलीकडे जाते. उत्तर तीरावरचा तेरेखोल किल्ला आणि त्याच्या आश्रयाने वसलेला चिमुकला गाव गोव्यात मोडतो. एका बाजूस नदी, एका बाजूस समुद्र आणि पाठीशी महाराष्ट्र, अशी या गावाची स्थिती आहे. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली व्हाइसरॉय मार्क्विस द आलोर्न याने जिंकून घेतला, आणि तेव्हापासून नदीपलीकडचा हा तुकडा गोव्याशी जोडला गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला व त्याबद्दल कारावास पत्करला. किल्ल्याचा हा इतिहास वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या मानाने अगदी साधा आहे. या गावाचा कारभार जेथे चालतो त्या पंचायतीच्या नित्याच्या सभांविषयी येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

केरी आणि तेरेखोल या दोन गावांची मिळून एकच ग्रामपंचायत आहे. केरी दक्षिण तीरावर, तेरेखोल उत्तर तीरावर आणि मध्ये नदीचे रुंद पात्र. फेरीबोट चालू असली म्हणजे पलीकडे जाणे सोपे. ती बंद असली तर किरणपाणीच्या पुलावरून आरोंदा-रेडी मार्गे, म्हणजे महाराष्ट्रातून वळसा घालून, आपल्याच पंचायतीच्या दुसऱ्या गावात पोहोचावे लागते. त्यामुळे पलीकडच्या तीरावर भरलेल्या सभेत आपल्याविषयी काय ठरले, हा प्रश्न अशा गावी इतर गावांहून अधिक तीव्रतेने उभा राहतो. जो सभेस जाऊ शकला नाही, त्याच्यापाशी एकच आधार उरतो, तो म्हणजे सभेचे लेखी इतिवृत्त.

गोव्यात पंचायतीची सभा पंधरवड्यास भरते. तिचे कामकाज पाहावयास कोणी हौसेने जाणार नाही. प्रथम मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करावयाचे. मग आलेल्या अर्जांचा विचार. कोणाला घराची दुरुस्ती करावयाची आहे, कोणाला घरपट्टीवरील नाव बदलून हवे आहे, कोठे पथदिवा बंद आहे, पावसाळ्यापूर्वी कोणते गटार उपसावयाचे आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. नवखा मनुष्य जांभई देईल. परंतु ज्याच्या घराच्या दुरुस्तीचा तो अर्ज असतो त्याला विचारा. त्या दिवशी त्या गावात त्याहून मोठी गोष्ट दुसरी घडलेली नसते.

गोमंतकीयांस ही पद्धत परकी नाही. गावच्या सामाईक जमिनी आणि बांधबंदिस्ती सांभाळणारी गावकारी पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून होती. तिचेच रिवाज १५२६ साली आफोन्सो मेशिया याने सनदेत नोंदविले. पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावयाचे आणि गावच्या कुळकर्ण्याने ते लिहून ठेवावयाचे, ही तिची रीत. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला, तेव्हा तो नव्या काबिजादीचा भाग ठरला. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीपर्यंत गावात सरकारचा शब्द रेजिदोर चालवीत असे, आणि त्याची नेमणूक वरून होत असे. मुक्तीनंतर हे पालटले. १९६२ साली पंचायतींचे विनियम लागू होऊन निवडणुका झाल्या. विधानसभेची पहिली निवडणूक त्यानंतर, डिसेंबर १९६३ मध्ये झाली. म्हणजे गोव्याच्या खेडुताने स्वतंत्र नागरिक म्हणून आपला पंच आधी निवडला आणि आमदार नंतर, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सध्याचा गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्यानुसार जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांतील रविवारी ग्रामसभा भरते. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, हे दिवस विशेष ग्रामसभेचे. पंचायतीखेरीज इतर समित्याही आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेस आपल्या गावच्या वनस्पती, जीव व पारंपरिक ज्ञान यांची नोंद ठेवणारी समिती नेमावयास सांगितले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. या शेवटच्या समितीची इतिवृत्ते आम्ही स्वतः लिहीत आलो आहोत, म्हणून थोडे अधिकाराने बोलतो. घरी कोणी विचारीत नाही अशी एखादी माउली सभेत प्रथम गप्प बसते. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचताना तिने सुचविलेली गोष्ट तिच्या नावासह ऐकू येते. मग तिसऱ्या सभेत ती आपण होऊन बोलू लागते.

नदीपलीकडे तेरेखोलला लागून असलेले रेडी हे वेंगुर्ले तालुक्यातील गाव. तेथे रचना त्रिस्तरीय आहे: ग्रामपंचायत, वेंगुर्ल्याची पंचायत समिती आणि ओरोस येथे जिल्हा परिषद. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. स्थायी, वित्त, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण अशा विषय समित्यांतून त्यांचा कारभार चालतो. गोव्यात मात्र ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत असे दोनच स्तर आहेत. जिल्हा पंचायतीची पहिली निवडणूक २००० साली झाली, आणि तिच्या हाती अधिकार फारसे नाहीत ही तक्रार जुनीच आहे.

२०२२ च्या मार्चमध्ये सिंधुदुर्गासह महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि दीर्घकाळ प्रशासकांकडे कारभार राहिला. त्या काळात रस्ते अडले नाहीत, शाळाही बंद पडल्या नाहीत. मग गेले काय? लोकनियुक्त सदस्यांची सभा गेली. हे काम का झाले नाही, असे उघड सभेत विचारून त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहवून घेणारा माणूस गेला. समिती कंटाळवाणी असते हे खरे, पण ती नसली म्हणजे प्रश्न विचारण्याची जागाच नाहीशी होते.

जुन्या ठरावाचे मोल कसे असते याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. एका गावी सार्वजनिक विहिरीकडे जाणारी पायवाट नव्या जमीनमालकाने कुंपण घालून अडविली. वाट खाजगी आहे असे त्याचे म्हणणे. वृद्ध माणसे शपथेवर सांगत होती, पण तोंडच्या शब्दास कोण विचारतो? अखेर पंचायतीच्या जुन्या दप्तरात वीस-बावीस वर्षांपूर्वीचा दोन ओळींचा ठराव सापडला. त्या वाटेवर चिऱ्याच्या पायऱ्या बसविण्यासाठी पंचायतीने केलेला खर्च त्यात मंजूर केलेला होता. तेवढ्यावर बोलणे मिटले आणि कुंपण मागे सरले. तो ठराव ज्या दिवशी झाला त्या दिवशी कोणी टाळ्या वाजविल्या नसतील. लिहिणाऱ्या सचिवाने मात्र तो नीट लिहिला होता.

दोषही आहेतच. न वाचताच कायम झालेली इतिवृत्ते, अगोदरच लिहून आणलेले ठराव, आणि चर्चेपेक्षा आवाज मोठा असलेल्या ग्रामसभा यांचा अनुभव पुष्कळांना असेल. आम्हांस अधिक खटकते ती भाषेची गोष्ट. सभेतील वाद कोकणीत वा मराठीत होतो आणि इतिवृत्त पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत उतरते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही वाव ठेवला. असे असता जिचा अर्ज नामंजूर झाला त्या म्हातारीस नकाराचे कारण दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागावे, हे स्वराज्यास शोभत नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहतात, पण गावी वडिलोपार्जित घर वा परसाचा तुकडा असतोच. ग्रामसभेत मत देण्यास त्या गावच्या मतदारयादीत नाव लागते, हे खरे. तथापि घरपट्टी वेळेवर भरणे, अर्ज लेखी देऊन पोच घेणे, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ठरावाची प्रत मागणे, इतके दूर राहूनही करता येते. भावाबहिणींच्या तोंडी निरोपावर विसंबून पुढे तंटे माजण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आणि आपापल्या शहरातील महाराष्ट्र मंडळाचे काय? तेथेही कार्यकारिणी असते, सभा असतात. सभागृहाची जागा कोणी दिली, ग्रंथालयास पहिली पुस्तके कोणाकडून आली, मराठी शाळेचा वर्ग कोणत्या साली व का बंद झाला, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. जुन्या वह्या वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी एकदा बाहेर काढाव्या, आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचले जाऊ लागले की ‘वाचल्याचे गृहीत धरा’ असे कोणी म्हणू नये. ते मोठ्याने, सर्वांना कळेल अशा भाषेत वाचू द्यावे. त्यास लागतात ती पाच मिनिटेच; पण जो त्या दिवशी नदीपलीकडे राहिला, त्याचा हक्क त्या पाच मिनिटांत सांभाळला जातो.