राम सुतार : मातीचा नमुना आणि पोलादी सांगाडा

धुळे शहरानजीकच्या गोंदूर ह्या गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी एका सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात जन्मलेले शिल्पकार राम वनजी सुतार डिसेंबर २०२५ मध्ये नोएडा येथे निवर्तले. त्यांच्या कार्याचे मोजमाप बहुधा पुतळ्यांच्या उंचीवरून केले जाते. शिल्पविचाराला ते फारसे उपकारक नाही. हाताएवढ्या नमुन्यात साधलेला भाव मूर्ती अनेक पटींनी वाढविली असता टिकतो काय, आणि टिकल्यास तो कोणाच्या हातून, हा ह्या कारकिर्दीने पुढे आणलेला खरा प्रश्न होय.

श्रीराम कृष्ण जोशी ह्या गुरूंच्या प्रोत्साहनाने सुतार मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले व १९५३ मध्ये मेयो सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. १९५४ ते १९५८ ह्या काळात पुरातत्त्व खात्याच्या सेवेत त्यांनी वेरूळ आणि जळगावकरांना शेजारच्या असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. अज्ञात कारागिराच्या प्रमाणांत स्वतःचा हात विरवून टाकण्याची ही शिस्त त्यांना पुढे उपयोगी पडली असावी. मात्र लेण्यातील मूर्तीला सांगाडा नसतो. खडकच तिला तोलून धरतो.

गांधीसागर धरणावरील पंचेचाळीस फुटी चंबळमाता त्याच परंपरेशी नाते सांगते. काँक्रीटच्या एकसंध ठोकळ्यातून कोरलेल्या ह्या मातेजवळची दोन बालके म्हणजे मध्यप्रदेश व राजस्थान. कल्पनेच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने सुतारांच्या कामांत हिला वरचे स्थान द्यावे लागेल. हिच्यावर प्रसन्न झालेल्या पंडित नेहरूंना भाक्रा येथे श्रमिकांचे पन्नास फुटी ब्राँझ स्मारक हवे होते. निधीअभावी ते झाले नाही. ते झाले असते, तर राजपुरुषांच्या पुतळ्यांखेरीज सुतारांची आणखी एक ओळख रूढ झाली असती.

१९९३ मध्ये संसदेच्या आवारात बसविलेले ध्यानस्थ गांधी हे बैठे शिल्प आहे. पाया रुंद, माथा निमुळता, म्हणजे तोल आकृतीतच आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनावृत झालेल्या १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यात नेमके उलट घडते. पाऊल टाकण्याच्या पवित्र्यातील, धोतर व चपला घातलेली ही आकृती पायांशी सर्वांत अरुंद आहे. शिल्पकाराने पत्करलेल्या ह्या पवित्र्याची किंमत अभियंत्यांना मोजावी लागली. आत काँक्रीटचे दोन गाभे, त्यांभोवती पोलादी सांगाडा, त्यावर ब्राँझचे पत्रे आणि वाऱ्याने होणारे डोलणे आवरण्यासाठी प्रत्येकी २५० टनांचे दोन लंबक अशी योजना लार्सन अँड टुब्रोने सिद्ध केली. पत्रे चीनमध्ये ओतले गेले. तेव्हा सुतारांचे काय उरले? चेहऱ्याची ठेवण, खांद्यांचा उतार, उपरण्याच्या चुण्या, अर्थात जे मातीत ठरले ते सारे. हे थोडे नव्हे; तथापि एका हाताची कृती ह्या जुन्या अर्थाने त्यास शिल्प म्हणता येत नाही.

मालवणनजीक राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळल्यावर नव्या पुतळ्याचे काम सुतारांच्याच शिल्पशाळेकडे आले. मे २०२५ मध्ये उभ्या झालेल्या त्या साठ फुटी ब्राँझ पुतळ्याच्या आत गंजरोधक पोलादाचा सांगाडा आहे. एरवी शिल्पचर्चेत ज्याचा उल्लेखही होत नाही, त्या अदृश्य सांगाड्याविषयीच ह्या वेळी लोकांनी प्रथम विचारणा केली.