सोडण्याची ताकद

स्नायूला ढकलता येत नाही. दार लोटताना, बंद पडलेल्या गाडीला धक्का देताना, जोर काढताना, प्रत्येक वेळी तो ओढतच असतो. दंडाचा पुढचा स्नायू आखडला की कोपर दुमडतं, बेटकुळी वर येते. तोच हात सरळ करायचा तर दंडाच्या मागच्या स्नायूनं ओढायचं आणि पुढच्यानं ढील द्यायची. आपल्या अंगात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रौढ माणसाच्या वजनाचा मोठा हिस्सा, साधारण ४० टक्के, त्यांचा असतो. ओढणं आणि सोडणं या दोनच क्रियांवर त्यांचा सगळा कारभार चालतो. त्यातल्या ओढण्याचं कौतुक सगळे करतात. मला हे यंत्र थोर वाटतं ते त्याच्या सोडण्यामुळे.

ते चालताना पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. डावा पंजा उजव्या कोपराच्या थोडा खाली, आतल्या बाजूनं टेकवा आणि उजव्या हाताचं एकेक बोट मिटून उघडा. कातडीखाली काहीतरी फुगतं, सरकतं, पुन्हा बसतं. बोटांच्या पेरांत बोट वाकवणारा स्नायू नसतोच. पकडीचा जोर लावणारे स्नायू इथे, कोपराच्या बाजूला असतात आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटातून बोटांपर्यंत गेलेल्या असतात. मूठ आवळली की मनगटावर त्या तटतटून वर येतात. एवढा जोर असूनही बोटं सुईत दोरा ओवण्याइतकी सडपातळ राहिली, ती या मांडणीमुळे.

स्नायूचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर गडद आणि फिकट पट्टे एकाआड एक दिसतात. स्नायू आखडतो म्हणजे त्याचे आतले धागे वळतात किंवा दुमडतात, असं दीर्घकाळ मानलं जाई. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले: एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्सली एकमेकांचे नातलग नव्हते, पण दोन्ही जोड्यांना दिसलं ते एकच. स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी कायम राहते, फिकट पट्टा अरुंद होतो. म्हणजे धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांत सरकतात. अशा सरकत्या धाग्यांचं एक घर जेमतेम अडीच मायक्रॉन लांब असतं. १० सेंटिमीटरच्या तंतूत एका रांगेत अशी ४०,००० घरं बसतात. प्रत्येक घर अर्धा मायक्रॉन आखडलं, तरी सगळी मिळून तंतू २ सेंटिमीटर आत येतो. डोळ्यांना दिसणारी आपली प्रत्येक हालचाल अशी न दिसणाऱ्या बेरजेतून येते.

घरातले जाड धागे मायोसिनचे, बारीक धागे अ‍ॅक्टिनचे. मायोसिनच्या धाग्यातून शेकडो छोटी डोकी बाहेर आलेली असतात. डोकं अ‍ॅक्टिनला धरतं, एका झटक्यात काही नॅनोमीटर ओढतं, सोडतं आणि पुढे पुन्हा धरतं. विहिरीतून भरला पोहरा वर काढताना एक हात सुटतो तेव्हा दुसऱ्यानं दोर धरलेला असतो. इथेही सगळी डोकी एकदम सुटत नाहीत, म्हणून ओढ टिकते.

आता या यंत्रातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट. ही पकड सुटते ती एटीपीमुळे. पेशीचं इंधन असलेला हा रेणू डोक्यावर येऊन बसला, की डोकं अ‍ॅक्टिनला सोडतं. मग रेणू फुटतो, त्याची ऊर्जा घेऊन डोकं पुढच्या ओढीसाठी सज्ज होतं. एटीपी आलाच नाही, तर पकड तशीच राहते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतं ते यामुळेच. इंधन संपलेलं असतं आणि लाखो डोकी धरलेल्या जागीच अडकतात. पुढे प्रथिनांचं विघटन सुरू झालं की ताठरपणा ओसरतो. मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधताना डॉक्टर हाही क्रम पाहतात.

जिवंत स्नायूतही ढील फुकट मिळत नाही. मज्जातंतूचा निरोप आला की तंतूतल्या कप्प्यांमधून कॅल्शियम बाहेर पडतं आणि अ‍ॅक्टिनवरच्या धरायच्या जागा मोकळ्या होतात. निरोप थांबला की तेच कॅल्शियम पुन्हा कप्प्यांत उपसून भरावं लागतं. त्या उपशालाही एटीपीच खर्ची पडतो. इतकं असून तयार एटीपीचा साठा जोराच्या कामात काही सेकंदच पुरतो. त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट, ग्लायकोजेन आणि शेवटी श्वासातला ऑक्सिजन यांच्या जिवावर तो सतत नव्यानं घडवावा लागतो.

सिंहगड चढताना धाप लागते, मांड्या मात्र दुसऱ्या दिवशी भरून येतात त्या बहुतांशी उतरण्यामुळे. प्रत्येक पायरीवर गुडघा मोडून पडू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतो आणि त्याच वेळी अंगाच्या वजनानं लांबवला जात असतो. धरलेली काही डोकी तेव्हा एटीपीची वाट न पाहता हिसक्यानं सुटतात. त्यामुळे उतरताना दम कमी लागतो, पण तंतूंना बारीक इजा होते. दुखणं एक-दोन दिवसांनी कळसाला पोचतं. ‘लॅक्टिक आम्ल साचलं’ हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण बरोबर नाही. ते तर चालणं थांबल्यावर तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं. तंतू दुरुस्त होताना स्नायू पुढच्या उताराचीही तयारी करून ठेवतो. दोन-तीन आठवड्यांनी तोच गड उतरलात, तर मांड्या पहिल्याइतक्या दुखत नाहीत. मोठ्या ट्रेकआधी एखादी छोटी टेकडी मुद्दाम सावकाश उतरून यावी, ती याचसाठी.