विज्ञानप्रकल्पासाठी अनुदान : पालक व माजी विद्यार्थ्यांस निवेदन

विज्ञान वाचून कळते. हाताने करून पाहिले म्हणजे अंगी मुरते. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर अवॉर्ड – मानक’ योजना याचसाठी आहे. शाळा विद्यार्थ्यांच्या कल्पना ऑनलाइन नोंदवते. निवडलेल्या कल्पनेची प्रतिकृती करण्यासाठी १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. कल्पना त्याची स्वतःची असावी लागते. बाजारातील तयार मॉडेल उपयोगाचे नाही.

कल्पनांची वाण आम्हांस कधी पडली नाही. अडते ते खात्यापाशी : पालक ऊसतोडीला गेलेले, आधारवरील नाव शाळेच्या दाखल्याशी न जुळणारे. म्हणून पालकांनी पाल्यास वसतिगृहात सोडतानाच हे काम उरकावे. माजी विद्यार्थ्यांनी एक रविवार येऊन मुलांच्या कल्पना ऐकाव्यात, त्या कागदावर उतरविण्यास साहाय्य करावे, ही नम्र विनंती.