चिकूच्या झाडावरून मजूर पडला, तर भरपाई कोणाची जबाबदारी?

डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र तो चिकू झाडावरून उतरवणारा मजूर आजही अनेक ठिकाणी बांबूच्या शिडीवर आणि ओल्या फांदीवरच उभा असतो. तलासरीच्या झाई बंदरात ओला डेक, उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत तेलकट फरशी. पडण्याचे कारण बदलते, पण ‘पाय तुझाच घसरला’ हे उत्तर बदलत नाही. कायदा मात्र वेगळे सांगतो.

चूक मजुराची असली तर?
काम करताना आणि कामामुळे इजा झाली, तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. 1923 च्या कायद्यातील हे तत्त्व 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. शेतीकाम आणि मासेमारी त्यात येते. नुसता निष्काळजीपणा दाखवून दावा फेटाळता येत नाही. नशेत असणे किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे हे अपवाद आहेत. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तेही लागू होत नाहीत.

किती रक्कम?
मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के. ईएसआयसी लागू असलेल्या कारखान्यात भरपाई ईएसआयसी देते.

अपघात गुजरातमध्ये झाला तर?
संहिता केंद्राची असल्याने हक्क तोच राहतो. कामगार राहतो त्या भागातील प्राधिकरणाकडेही दावा करता येतो.

विमा पुरेसा आहे का?
वर्षाला 20 रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. मात्र हाड मोडून दोन महिने घरी बसावे लागले, तर त्यातून काहीच मिळत नाही. मजुराच्या घरी सातबारा असल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करता येतो.

पडल्यावर काय करावे?
- रुग्णालयात ‘कामावर पडलो’ असेच सांगावे आणि केसपेपरवर तसे लिहून घ्यावे. ‘घरी पडला’ अशी नोंद झाली, तर दावा तिथेच कमकुवत होतो.
- मालकाला लेखी कळवून प्रत जवळ ठेवावी.
- सोबतच्या मजुरांची नावे, मजुरीच्या नोंदी आणि जागेचा फोटो जपावा.