प्रभातमधले दोन कारभार

‘संत तुकाराम’साठी विष्णुपंत पागनीसांचं नाव पुढे आलं, तेव्हा खुद्द प्रभात फिल्म कंपनीतच नाराजी होती. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले. वागण्याबोलण्यात तो नाजूकपणा मुरलेला. व्ही. शांताराम यांना ही निवड पटेना. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल मात्र ठाम राहिले. पागनीसांना बदलायच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांच्यातली मृदुता त्यांनी तुकोबांच्या कामी लावली. १९३६चा हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

स्टुडिओत या दोघांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे; दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले कारागीर. माणसातलं कसब हेरायचं आणि त्याला वाव द्यायचा, ही त्यांची रीत. तुकोबांच्या बायकोच्या, जिजाईच्या भूमिकेतली गौरी कुणी नावाजलेली नटी नव्हती. प्रभातमध्ये साधी कामं करत ती वर आली होती. मुलाला फरफटत देवळात नेऊन विठोबावर पायताण उगारणारी तिची जिजाई बघा. तो संताप, ती गरिबीची चीड कुठल्याही तालमीतून येणारी नाही.

शांतारामबापूंचा खाक्या निराळा. शिस्त करडी आणि सगळी सूत्रं स्वतःच्या हाती. ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘माणूस’ (१९३९) यांची धार त्या एकहाती पकडीतूनच आली. पण हा माणूस नुसता हुकूम सोडणारा नव्हता. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झुंजायचा प्रसंग आला, तेव्हा ते स्वतः उतरले आणि डोळ्यांना जबर इजा करून घेतली. अशा मालकाच्या हाताखाली लोक राबतात, कारण तो आधी स्वतः राबतो.

प्रभातची श्रीमंती ही की एकाच आवारात हे दोन्ही कारभार नांदले. पण पगारी नोकरांच्या त्या शिस्तबद्ध घरात गाऱ्हाणं मांडायला जागा अपुरी पडली. १९३९मध्ये शांता आपटे कराराच्या वादातून स्टुडिओच्या फाटकावरच उपोषणाला बसल्या. ‘कुंकू’ची नायिका, कंपनीचा आवडता चेहरा, आणि तिला आपलं म्हणणं फाटकाबाहेर बसून ऐकवावं लागलं! १९४२मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५मध्ये दामले वारले, आणि प्रभातला पुन्हा ते दिवस दिसले नाहीत.

आजच्या प्रत्येक साहेबाने प्रभातकडून तीन गोष्टी घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. माणूस निवडला की त्याच्या पाठीशी उभं राहावं. अवघड काम आधी स्वतः करावं. आणि हाताखालच्याची तक्रार ती फाटकापर्यंत पोचण्याआधी ऐकावी. पहिल्या दोन गोष्टींनी चांगलं काम उभं राहतं. तिसरी सांभाळली नाही, तर ते काम करणारी माणसं टिकत नाहीत.