ओढ्यावाटे जाणारे गंधक

जमिनीत गंधक कोठून येते, असे विचारल्यास बहुतेक शेतकरी खताच्या पोत्याकडे बोट दाखवतील. परंतु काही गंधक आकाशातूनही उतरते. दगडी कोळसा व खनिज तेल जळताना निघणाऱ्या गंधकाच्या वायूपासून हवेत सल्फेट तयार होते व ते पावसाबरोबर खाली येते. काही भाग कोरडाच पानांवर व मातीवर बसतो.

या आवकजावकीचा दीर्घ हिशेब अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हबर्ड ब्रुक या अरण्यात ठेवला गेला आहे. जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन व त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली तो आरंभिला. तेथील लहान पाणलोटांखालचा खडक पाणी फारसे झिरपू देत नाही. त्यामुळे मुरलेले पाणी अखेर ओढ्यातच येते. ओढ्यावर खाचेचा बांध घालून पाणी मोजण्यात आले. पाऊस ही जमेची बाजू, ओढा ही खर्चाची. वाण्याची कीर्द याहून फारशी निराळी नसते!

पाऊस आम्ल निघाला. त्याचा सामू ४ च्या आसपास होता. दूरवरच्या विद्युतकेंद्रांचा धूर हे त्याचे मोठे कारण होते. सल्फेटावर ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही बहुतांशी तोच असतो, म्हणून माती त्यास घट्ट धरीत नाही. मात्र सल्फेट एकटे जात नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांना बरोबर घेऊन जाते. खरी हानी येथेच आहे. १९९९ साली एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिज पसरण्यात आले, तेव्हा तेथील मेपल वृक्षांची प्रकृती पुढे सुधारली.

अमेरिकेत १९७० व १९९० च्या कायद्यांमुळे धूर आटोक्यात आला व पावसातील गंधक घटले. ओढ्यातील गंधक मात्र त्या मानाने कमी झाले नाही. खर्च जमेहून अधिक राहिला. कुजणारा पालापाचोळा गंधक मोकळे करीत होता. शिवाय लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटलेले जुने सल्फेट, मातीची आम्लता उतरू लागताच सुटू लागले.

शेतात खर्चाची आणखी एक बाजू असते, ती पिकाची. भुईमूग, सोयाबीन, कांदा ही पिके गंधक बरेच उचलतात; हलक्या जमिनीतून ते अतिवृष्टीत निचऱ्याबरोबरही जाते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असते, डीएपीमध्ये जवळजवळ नसते. एकाऐवजी दुसरे वापरू लागलेल्या गावात हा फरक कार्यकर्त्यांनी अवश्य समजावून द्यावा. नत्राच्या उणिवेत जुनी पाने आधी पिवळी पडतात, गंधकाच्या उणिवेत कोवळी. शंका आल्यास मृदा आरोग्य पत्रिकेतील गंधकाचा रकाना पाहावा. बहुधा तो वाचलाच जात नाही.