संगणक प्रणालीतील ई-मेल पत्त्यांची पडताळणी : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना :
प्रवेश, शिष्यवृत्ती व परीक्षा यांचे अर्ज ऑनलाइन भरले जात असल्याने अर्जदाराचा ई-मेल पत्ता पत्रव्यवहाराचा प्रमुख आधार ठरला आहे. या पत्त्याच्या पडताळणीत दोन दोष संभवतात. योग्य पत्ता नाकारला गेल्यास अर्जदार संधीस मुकतो; चुकीचा स्वीकारला गेल्यास त्याची खाजगी माहिती त्रयस्थाच्या हाती पडते. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

पत्त्याचे स्वरूप :
२००८ मधील आरएफसी ५३२१ या मानकानुसार 'ॲट' चिन्हापूर्वीचा भाग कमाल ६४ बाइटांचा असतो. त्यात अधिक चिन्ह व ऊर्ध्वस्वल्पविरामही चालतो. तथापि अनेक आज्ञावल्या केवळ रोमन अक्षरे, अंक व बिंदू स्वीकारतात. डोमेनचा अंत्यभाग दोन ते चार अक्षरांचाच असावा, असाही जुना नियम आढळतो; त्यामुळे २००१ पासून अस्तित्वात असलेले '.म्युझियम' हे सहा रोमन अक्षरांचे डोमेन नाकारले जाते.

देवनागरी पत्ते :
२०१२ मधील आरएफसी ६५३१ ने रोमनेतर लिप्यांतील पत्त्यांस मान्यता दिली. '.भारत' हे डोमेन २०१४ मध्ये नोंदणीसाठी खुले झाले. येथे दोन अडचणी उद्भवतात. युनिकोडमध्ये मात्रा व अनुस्वार 'अक्षर' या वर्गात मोडत नाहीत; म्हणून केवळ अक्षरे स्वीकारणारा नियम 'कमल' मान्य करतो, परंतु 'मीरा' नाकारतो. तसेच यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. 'मीरा' या नावात ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट होतात. परिणामी ६४ बाइटांत केवळ २१ चिन्हे मावतात.

पडताळणीच्या पायऱ्या :
१) पत्त्यात 'ॲट' चिन्ह व त्याच्या दोन्ही बाजूंस मजकूर आहे का, एवढेच प्रथम पाहावे.
२) डोमेन अस्तित्वात आहे का, हे डीएनएसद्वारे तपासावे.
३) पत्त्यावर एकदाच वापरता येणारा दुवा पाठवून अर्जदाराकडून पुष्टी घ्यावी. एका अक्षराच्या चुकीने अन्य व्यक्तीचा खराखुरा पत्ता तयार होऊ शकतो. ही चूक पहिल्या दोन पायऱ्यांत लक्षात येत नाही. म्हणून पुष्टीपूर्वी गुण वा अन्य खाजगी माहिती पाठवू नये.

निष्कर्ष :
पत्त्याची रचना शुद्ध असणे आणि तो अर्जदाराचाच असणे, या भिन्न बाबी आहेत. रचनेचे नियम शिथिल व पुष्टीचा नियम कठोर ठेवणे, हेच अर्जदाराच्या हिताचे आहे.